कापडाचा रंग ठरवताना

पूल या बिलियर्ड्स-स्नूकरच्या जातीच्या खेळाच्या टेबलाचं कापड बदलायचं ठरलं की रंगाची चर्चा सुरू होते, आणि ती जवळजवळ नेहमी दारात उभं राहून होते. खोलीत शिरल्यावर टेबल कसं दिसेल, भिंतींच्या रंगाशी भांडेल का, लाकडाच्या छटेवर खुलेल का. ही काळजी अनाठायी नाही. नऊ फुटी टेबलावर खेळायची जागाच १०० बाय ५० इंच असते. एकाच रंगाचा एवढा मोठा सलग तुकडा त्या खोलीत दुसरा कुठलाही नसतो, आणि नको तो रंग आला तर तो रोज डोळ्यांत खुपतो. पण खेळणारा माणूस दारात नसतो. तो वाकलेला असतो, हनुवटी क्यूला, म्हणजे खेळायच्या काठीला, टेकायच्या बेतात, आणि त्याचे डोळे कापडापासून वीत-दीड वीत उंचीवर असतात. तिथून कापड चौकोनी दिसत नाही. समोर लांबवर पसरत गेलेली रंगीत जमीन दिसते, आणि त्या जमिनीवर सहा-सात फुटांवरच्या, ५७ मिलिमीटर व्यासाच्या एका बॉलची नेमकी कड शोधायची असते.

मी बरीच वर्षं खेळते आहे आणि त्याहून जास्त वेळ बाजूला बसून इतरांचा खेळ बघितला आहे. कापडाच्या रंगाचा विषय निघाला की माझं म्हणणं दर वेळी एकाच जागी येऊन थांबतं: रंग त्या वाकलेल्या डोळ्यासाठी निवडावा. भिंत नंतर रंगवता येते.

हिरव्याची कथा बहुतेकांना ठाऊक असते. हा खेळ मुळात गवतावरचा. युरोपात हिरवळीवर दांड्याने गोळे ढकलण्याचे खेळ होते. तो खेळ घरात आला, टेबलावर चढला आणि टेबलावर हिरवं कापड अंथरलं गेलं. फ्रान्सचा राजा अकरावा लुई, ज्याची कारकीर्द १४६१ ते १४८३ अशी होती, त्याच्याकडे असं टेबल असल्याचं या खेळाच्या इतिहासात सांगितलं जातं. म्हणजे पाचशे वर्षांहून अधिक काळ हा खेळ गवताची आठवण पायाखालून काढून हाताखाली घेऊन चालला आहे. मला ही गोष्ट आवडते. जुन्या टेबलावरचं गर्द हिरवं कापड, चारी बाजूंना काळपट लाकूड आणि वरून पडलेला उजेड, या दृश्यात काहीतरी भारदस्त आहे, ते मी नाकारणार नाही.

हिरव्याच्या बाजूने आणखी एक मुद्दा हमखास मांडला जातो. भरपूर उजेडात माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतो, आणि तो रंग म्हणजे पोपटीकडे झुकलेला हिरवा. म्हणून हिरवं कापड डोळ्यांना विश्रांती देतं, असं सांगतात. मला हे अर्धंच पटतं. जास्त प्रतिसाद म्हणजे तेवढ्याच प्रकाशात तो रंग जास्त उजळ भासतो, एवढंच. त्यातून विश्रांती सिद्ध होत नाही. चकचकीत पोपटी कापडावर एक लांबलचक संध्याकाळ घालवून बघा, डोळे चांगलेच दमतात. जे हिरवं कापड खरोखर सुखावतं ते पोपटी नसतं. ते थोडं दबलेलं, किंचित निळ्याकडे कललेलं असतं, आणि त्याचं बळ वेगळ्याच गोष्टीत असतं.

ती गोष्ट स्नूकरच्या टेबलावर सर्वांत छान कळते. तिथे हिरव्या कापडावर हिरवा बॉल ठेवलेला असतो. सगळा हिशेब रंगाचाच असता तर हा बॉल दिसेनासा व्हायला हवा होता. तसं होत नाही. त्याच्या माथ्यावर दिव्याचा लखलखीत ठिपका असतो, पोटाशी सावली दाट होत गेलेली असते, आणि त्याचा हिरवा कापडाच्या हिरव्यापेक्षा काळोखा असतो. डोळा त्याला उजेड-अंधाराच्या फरकाने पकडतो. कडा, खोली आणि हालचाल ओळखण्याचं काम आपली दृष्टी मुख्यतः उजळपणाच्या फरकावरच करते. दोन रंग एकमेकांपासून कितीही लांबचे असोत, त्यांचा उजळपणा जर अगदी सारखा झाला तर त्यांच्यामधली कड डळमळायला लागते, नीट स्थिर वाटत नाही. नेम धरणाऱ्याला तर नेमकी ती कडच हवी असते.

म्हणून रंगाची चर्चा सुरू झाली की मी मोबाइल काढायला लावते. कापडाच्या नमुन्यावर बॉल ठेवायचे, टेबलावरच्याच दिव्याखाली फोटो काढायचा आणि त्यातला सगळा रंग काढून टाकायचा. काळ्या-पांढऱ्या फोटोत जे बॉल कापडात मिसळून गेले, ते खेळतानाही त्रास देणार. हा प्रयोग कुणीही दोन मिनिटांत करू शकतं, आणि दुकानातल्या रंगांच्या पुस्तकापेक्षा तो खूप जास्त सांगतो.

पूलचे बॉल असे उजळपणाच्या क्रमाने लावले की चित्र आपोआप उलगडतं. एका टोकाला पांढरा क्यू बॉल (काठीने मारायचा तो हाच), मग पिवळा १, मग नारिंगी ५. दुसऱ्या टोकाला काळा ८, जांभळा ४, निळा २, मरून ७ आणि गडद हिरवा ६. नऊ ते पंधरा हे याच रंगांचे पट्टेवाले, त्यांच्या अंगावर पांढरा असल्याने ते एकाच वेळी दोन्ही टोकांचे. आणि मधे, जवळजवळ एकटा, लाल ३. आता कापड कुठे बसवायचं? ते गडद टोकाला नेलं तर पाच बॉल एकदम बुडतात. उजळ टोकाला नेलं तर क्यू बॉल, पिवळा आणि पट्टेवाल्यांचे पांढरे भाग फिके पडतात. म्हणजे कापड मधल्या उजळपणाचं हवं, आणि मधे तर लाल बॉल आधीच बसलेला आहे. लालशी उजळपणाने फारकत घेता येत नसेल तर रंगाने घ्यावी लागते, आणि लालपासून जितकं लांब जावं तितके आपण हिरव्या-निळ्याच्या पट्ट्यात येतो. हिरवं कापड पाचशे वर्षं टिकलं त्यामागे गवताची परंपरा असेलच. पण बॉलच्या या संचाकडे बघून कुणी अगदी नव्याने रंग ठरवायला बसलं असतं, तरी ते त्याच परिसरात येऊन पोचलं असतं.

गडद कापडांबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण ती फोटोत फार मोहक दिसतात. मरून, वाइन, गडद जांभळा, नेव्ही ब्लू, काळा. मरून कापडाच्या टेबलावर मी पुष्कळ खेळले आहे. त्यावर ७ नंबरचा बॉल कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, चिकटून थांबला की कुशनच्या सावलीत त्याची खालची अर्धी बाजू विरघळून जाते. वरचा चमकता ठिपका तेवढा दिसतो, आणि नेम त्या ठिपक्यावरून अंदाजाने धरावा लागतो. क्यू बॉल मात्र त्या कापडावर झळकतो. पण जवळ जाऊन बघितलं तर त्याचं पोट गुलाबी असतं. बॉल गुळगुळीत आणि चकचकीत असल्याने खालच्या कापडाचा रंग त्याच्या अंगावर चढतो. पांढऱ्याची खालची कड अशी कापडाच्याच रंगात रंगली की बॉल कापडाला नेमका कुठे टेकला आहे ते वाचणं कठीण जातं, आणि ड्रॉ (धडकेनंतर पांढरा मागे यावा असा फटका) किंवा फॉलो (तो पुढे जावा असा फटका) मारताना क्यूचं टोक कुठे लावायचं हे ठरवायला तीच जागा लागते. हिरव्या-निळ्या कापडावरही हे प्रतिबिंब पडतंच, पण कापड मध्यम असेल तर ती झाक सावलीत मिसळून जाते. गडद लाल कापडावर ती ओरडते.

लाल कापडाचं आणखी एक दुखणं आहे. एकाच गडद रंगाकडे बराच वेळ बघत राहिलं की डोळ्यातल्या त्या रंगाच्या पेशी थकतात, आणि नजर उचलून पांढऱ्याकडे नेली की विरुद्ध रंगाची सावली तरळते. लालकडे बघून झाल्यावर पांढऱ्या भिंतीवर हिरवट डाग नाचतो. शस्त्रक्रियेच्या खोलीतले कपडे आणि चादरी हिरव्या किंवा निळ्या असण्यामागे हेही एक कारण आहे: रक्ताच्या लालवरून नजर उचलली की हा डाग पांढऱ्यावर दिसू नये. पूल खेळताना तर नजर दर शॉटला कापडावरून पांढऱ्या बॉलवर आणि परत कापडावर जाते. मग तासन्‌तास त्या नजरेखाली लाल मैदान कशासाठी पसरायचं?

डाग दिसण्याच्या बाबतीतही गडद कापड निर्दयी असतं. ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, मारताना क्यू बॉलला जोराचा तडाखा बसतो, बॉल आणि कापड यांच्यात घर्षणाने क्षणभर तीव्र उष्णता तयार होते आणि कापडावर पांढुरका ठिपका उमटतो. ब्रेकच्या जागेपासून रॅककडे, म्हणजे मांडलेल्या बॉलांकडे, जाणाऱ्या वाटेवर अशा ठिपक्यांची रांगच लागते. हे हिरव्यावरही होतं, निळ्यावरही होतं, पण काळ्यावर ते आभाळातल्या चांदण्यांसारखं उठून दिसतं. वर क्यूच्या टोकाला लावायच्या चॉकची भुकटी, बाहीचे तंतू, हाताला लावलेली पावडर. काळं कापड रोज घासून पुसून ठेवायची ज्यांची तयारी आहे त्यांनी ते जरूर घ्यावं; तसं सांभाळलेलं काळं टेबल मी बघितलं आहे आणि ते देखणं होतं. खेळायला मात्र मी ते निवडणार नाही.

दुसऱ्या टोकाला बदामी, वाळूचा आणि फिका राखाडी हे रंग येतात. या कापडांवर गडद बॉल इतके स्वच्छ कापून काढल्यासारखे दिसतात की पहिल्या खेळात फार बरं वाटतं. हळूहळू कळतं की लांबवरच्या पट्टेवाल्या बॉलचा पांढरा भाग कापडात फिका पडतोय आणि डोळा पट्ट्यालाच बॉल समजून त्याची रुंदी कमी मोजतोय. पट्टा तिरका फिरलेला असेल तर जास्तच. बदामीवर निळ्या चॉकचे डागही लगेच दिसतात, त्यामुळे चॉक त्याच छटेचा घ्यावा लागतो. राखाडीबद्दल माझं मत जरा मऊ आहे. मध्यम राखाडी, फिका नव्हे, हा प्रामाणिक रंग आहे. तो कुठल्याच बॉलची बाजू घेत नाही. पण लालला तिथे रंगाचा आधार थोडा कमी मिळतो, आणि मोठ्या टेबलावर तो दिव्याच्या रंगाप्रमाणे कधी निळसर तर कधी मातकट होत राहतो.

निळ्याकडे येते, कारण माझं मन तिथे आहे.

टीव्हीवर दिसणाऱ्या पूलच्या मोठ्या स्पर्धांमध्ये आज निळं कापड इतकं रुळलं आहे की नवीन खेळायला लागलेल्यांना हिरवं जुनाट वाटतं. थ्री-कुशन कॅरम या बिनखिशांच्या बिलियर्ड्सच्या टेबलांवरही निळाच असतो. वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या साहित्यविषयक नियमांत स्पर्धेसाठी पिवळसर हिरवा, निळसर हिरवा आणि इलेक्ट्रिक ब्लू या छटांची नावं आहेत. प्रक्षेपणवाल्यांनी एक शहाणपण मात्र आपल्याला शिकवलं, ते म्हणजे त्यांनी कापडाबरोबर बॉलही बदलले. टीव्हीसाठीच्या संचांत जांभळ्या ४ च्या जागी गुलाबी आणि मरून ७ च्या जागी फिका तपकिरी असे बॉल आले. गडद टोकाला झालेली गर्दी त्यांनी दोन बॉल उजळ करून मोडली. घरच्या टेबलासाठीही हा मार्ग मोकळा आहे. कापडाचा रंग मनासारखाच हवा असेल आणि दोन-तीन बॉल त्यात बुडत असतील, तर कापड सोडून बॉलच्या संचाचा विचार करावा.

आता इलेक्ट्रिक ब्लू. तो पडद्यावर सुरेख दिसतो, पण रोजच्या खेळासाठी मला तो फार भडक वाटतो, आणि यात आवडीनिवडीपलीकडचंही कारण आहे. डोळ्याचं भिंग सगळ्या रंगांना एकाच ठिकाणी फोकस करत नाही. निळा प्रकाश जास्त वळतो आणि दृष्टिपटलाच्या किंचित अलीकडे जमतो, लाल किंचित पलीकडे. गडद शुद्ध निळ्यावर शुद्ध लाल ठेवला की दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. काहींना तर लाल बॉल निळ्याच्या थोडा वर तरंगतोय असा भास होतो. कड थरथरते. रंगात थोडा राखाडी मिसळला की हा त्रास बराच कमी होतो. उत्पादक ज्या छटेला टूर्नामेंट ब्लू म्हणतात ती अशीच, राखाडीची झाक असलेली मध्यम निळी. निळा २ तिच्यावर बुडत नाही, कारण कापड त्याच्यापेक्षा पुरेसं उजळ असतं. ६ नंबरचा बॉल हिरव्या कापडापेक्षा निळ्यावर मोकळा होतो. लाल, नारिंगी, पिवळा, मरून हे सगळे उबदार रंग तिच्यासमोर आपोआप पुढे येतात.

हे पुढे येणं काय असतं ते एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने आधीच नीट समजावून ठेवलं आहे. मिशेल यूजीन शेव्रल १८२४ पासून पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. तिथे विणल्या जाणाऱ्या भरजरी पडद्यांमधला काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने रंग तपासला. रंग पक्का होता. दोष शेजारच्या धाग्यांचा होता. निळ्या-जांभळ्याच्या सोबतीने काळ्याचं तेज जात होतं. १८३९ साली त्याने यावरचं सगळं विवेचन प्रसिद्ध केलं: कुठलाही रंग एकटा दिसत नाही, शेजारी त्याला स्वतःच्या विरुद्ध दिशेला ढकलतो. पूल टेबलावर हा शेजारी म्हणजे कापड, आणि तो सगळ्याच बॉलांना एकाच वेळी ढकलतो. निळं कापड पिवळ्या-नारिंगीला अधिक पेटवतं, हिरवं कापड लालला. मला हे वाचल्यापासून कापडाचे नमुने नुसते हातात घेऊन बघणं निरर्थक वाटायला लागलं. बॉल ठेवल्याशिवाय नमुन्याला अर्थच नाही.

हिरवा आणि निळा यांच्यात मी निळ्याकडे का झुकले, याचं खरं कारण मात्र माणूस आहे. ज्याच्याबरोबर मी सर्वांत जास्त खेळते त्या मित्राला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. नंबर वर आलेला नसला की तो विचारतो, “यातला सात कुठला गं?” कारण गडद हिरवा ६ आणि मरून ७ त्याला सख्खे भाऊ वाटतात. आणि हिरव्या कापडावर लाल ३ त्याला ठळक दिसत नाही. दोन्ही एकाच मातकट रंगाच्या छटा वाटतात असं तो सांगतो. मी वर मांडलेल्या हिशेबात लालला वाचवणारा जो रंगाचा फरक आहे, तोच याच्या डोळ्यांत नाही. हे विरळाही नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत लाल-हिरव्याचा हा दोष सुमारे ८ टक्के जणांना असतो, स्त्रियांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास. २००२ चा स्नूकर विश्वविजेता पीटर एब्डन यालाही तो आहे. तपकिरी बॉल आणि लाल बॉल यांत त्याची गल्लत होते. जगज्जेत्याच्या पातळीवर खेळणाऱ्यालाही हे अडतं, तर आपल्या टेबलावर रोज येणाऱ्यांचा विचार नको का करायला?

इथे मोरपंखीकडे झुकणाऱ्या निळसर हिरव्याचाही मला मोह झाला होता. दोन्ही परंपरांच्या मधला, डोळ्याला थंड, देखणा रंग. पण लाल-हिरव्याचा दोष असलेल्यांना नेमका हाच पट्टा करड्यासारखा भासतो, आणि काही लाल छटा त्याच करड्याच्या जवळ जातात. निळा मात्र त्यांना निळाच दिसतो. मित्राला मी दोन्ही नमुन्यांवर लाल बॉल ठेवून दाखवला आणि त्याने क्षणाचाही विचार न करता निळ्यावर बोट ठेवलं. माझा निर्णय तिथेच झाला.

दिव्याबद्दल बोलल्याशिवाय रंगाचं बोलणं पुरं होत नाही. स्पर्धांच्या नियमांत कापडावर आणि कुशनवर सगळीकडे सारखा, किमान ५२० लक्स उजेड मागितलेला असतो. घरगुती टेबलांवर अनेकदा तो याच्या निम्माही नसतो, तोही मधे एक झोत आणि कोपऱ्यांत अंधार असा. उजेड कमी झाला की रंगांचं आपसातलं नातंच बदलतं. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला टिपून ठेवलं की संधिप्रकाशात लाल रंग आधी काळवंडतात आणि निळे-हिरवे बराच वेळ उजळ राहतात. म्हणजे मंद दिव्याखाली लाल-मरून कापड काळपटच होणार, आणि लाल ३ सुद्धा गडद टोकाला जाऊन बसणार. पिवळट दिव्यात निळं कापड मलूल होतं, हिरवं पिवळसर होतं. माझा आग्रह असा असतो की आधी दिवे नीट करावेत, रंग खरे दाखवणारे, फार पिवळे नाहीत आणि फार निळेही नाहीत असे, आणि मगच त्यांच्याखाली कापड निवडावं. उलट क्रमाने केलं तर निवडलेला रंग एक आणि घरी दिसणारा रंग भलताच असं होतं.

नमुना बघण्याची एक अडचण दिव्यानेही सुटत नाही. रंगाचा लहान तुकडा आणि तोच रंग मोठ्या पृष्ठभागावर, हे दोन्ही सारखे दिसत नाहीत. मोठ्या क्षेत्रावर रंग जास्त उजळ आणि जास्त भडक भासतो. म्हणून तळहाताएवढ्या नमुन्यावर जो निळा अगदी बरोबर वाटतो, तो टेबलभर पसरला की थोडा अंगावर येतो. दोन शेजारच्या छटांमध्ये मन अडकलं असेल तर मी जास्त दबलेली छटा घेते. आणि नमुना उभ्याने बघू नये. टेबलावर सपाट ठेवून, वाकून, क्यू हातात घेतल्यावर नजर जिथे असते तिथून बघावा. लव असलेल्या स्नूकरच्या कापडावर तर लवीच्या दिशेने आणि उलट दिशेने बघितलं तर छटा वेगळीच दिसते.

काही खेळाडू रंगाचा संबंध वेगाशी जोडतात; निळं पळतं, हिरवं संथ असतं असं सांगतात. एकाच मिलचं, एकाच विणीचं कापड वेगवेगळ्या रंगांत खेळून मला तसं काही जाणवलेलं नाही. वेग ठरतो लोकर-नायलॉनच्या प्रमाणावर, पिळाच्या सुतावर, लव आहे की नाही यावर, आणि कापड किती ताणून बसवलं आहे यावर. बेल्जियममधल्या व्हेर्व्हिए इथली सिमोनिस ही १६८० पासूनची मिल. तिचं पूलसाठी नावाजलेलं ८६० हे कापड ९० टक्के लोकर आणि १० टक्के नायलॉनचं, बिनलवेचं. ते एकाच दर्जात कितीतरी रंगांत मिळतं. त्यामुळे रंग निवडताना खेळ बिघडेल ही धास्ती मनातून काढून टाकावी आणि विणीचा निर्णय वेगळा घ्यावा.

बसवणाऱ्या कारागिराला दोनच गोष्टी सांगायच्या ठेवल्या आहेत. टेबलाचं आणि कुशनचं कापड एकाच ताग्यातून कापायचं, कारण एकाच नावाचा रंग दुसऱ्या रंगाईच्या खेपेत किंचित वेगळा येतो, आणि टेबल व कुशन यांच्या सांध्यावर तो फरक लगेच दिसतो. याच कारणाने नुसतं टेबलाचं कापड बदलून जुनं कुशन तसंच ठेवू नये. आणि उरलेली पट्टी परत मागायची. ती अंधाऱ्या कपाटात ठेवली की मूळ रंग जसाच्या तसा राहतो, मग वर्षा-दोन वर्षांनी टेबलावर ठेवून खिडकीच्या बाजूचा रंग किती उडाला ते बघता येतं. उडाला असेल तर पडदा लावायचा. चॉकही निळा घेतला आहे, कापडाच्या जितका जवळचा मिळाला तितका, आणि फिक्या तपकिरी ७ चा संच आल्यावर मित्राचा तो नेहमीचा प्रश्न बहुधा बंद होईल.